कागद संपला की सुट्टी

छापखान्यातल्या मोठ्या यंत्राला एक तोंड होतं आणि एक शेपूट. तोंडातून कोरा कागद आत जायचा, शेपटातून छापलेला बाहेर पडायचा आणि मधे काय व्हायचं ते फक्त दुरुस्तीवाल्याला ठाऊक होतं, तेही त्याच्याच म्हणण्याप्रमाणे. कागद सुट्या पानांचा नव्हता, अखंड होता. खोक्यातल्या घड्या उलगडत तो वर यायचा, दोन्ही कडांच्या भोकांत यंत्राचे दात अडकायचे आणि मग तो असा काही पळत सुटायचा की नवख्याला नुसतं बघूनच घेरी यावी. जुन्यांना काही वाटायचं नाही. जुने लोक त्याच्याकडे पाठ करून डबा खायचे.

तोंडाशी कागद घालणारा एक माणूस लागायचा. त्याला सगळे तोंडवाले म्हणत. शेपटाशी छापलेला कागद नीट घड्या पाडून गोळा करणारा दुसरा, ते घडीवाले. खोली आखूड पडली म्हणून बसवतानाच यंत्र मधोमध वळवलेलं होतं. त्यामुळे तोंड आणि शेपूट शेजारी-शेजारी आले होते, आणि या दोघांची स्टुलंही. उभं आयुष्य त्या दोन स्टुलांवर गेलं. एका थर्मासातला चहा, एकाच पिशवीतले दाणे, एकमेकांच्या बायकांच्या तक्रारी. अरे-तुरेचा दोस्ताना होता. घडीवाल्यांची लेक लहानपणी डबा घेऊन यायची, तोंडवाल्यांचा मुलगा शाळा बुडवून यायचा, आणि दोघं कागदाच्या रिकाम्या खोक्यांत बसून गाडी-गाडी खेळायची. पुढे ती मोठी झाली आणि त्यांनी एकमेकांशी लग्न करायचं ठरवलं. यात कोणाला नवल वाटलं असेल तर ते फक्त यंत्राला.

लग्न ठरलं आणि पहिली पंचाईत झाली. दोघं व्याही झाले. आता व्याह्याला अरे-तुरे कसं करायचं? बायकांनी डोळे वटारले आणि दोघे ‘अहो’वर आले. ‘अहो, जरा तो चहा सरकवता का,’ असं तोंडवाले म्हणाले की घडीवाल्यांना वाटायचं, मागे कोणी पाहुणा उभा आहे.

दुसरी पंचाईत लग्नाच्या जेवणात झाली. तोंडवाले खुशीत होते, चार माणसं ऐकत होती, आणि खुशीतल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं. कोणीतरी विचारलं, तुम्ही दोघं एकाच यंत्रावर ना? तोंडवाले म्हणाले, ‘एकाच. पण यंत्राला घास मी भरवतो. आमचे व्याही नुसते मागे उभे असतात. म्हणजे कसं, गाय आपली चरते, आणि एकजण फावडं घेऊन शेपटामागे थांबतो, तसं.’

अख्खं टेबल हसलं. विहीणबाई हसल्या. घडीवाल्यांच्या स्वतःच्या बायकोलाही हसू आवरलं नाही, आणि तेच जास्त लागलं. घडीवाले ताटावरून उठले ते त्या दिवसापासून व्याह्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन स्टुलांच्या मधे रिकाम्या खोक्यांची भिंत रचली. तोंडवाल्यांनीही जिद्दीनं पलीकडून आणखी एक थर लावला. आपण गमतीत बोललो तर एवढं काय, असं त्यांचं म्हणणं. माफी मागायची तर आधी गुन्हा कबूल करावा लागतो, आणि ती त्यांची रीत नव्हती.

या भांडणात यंत्राचं काही बिघडलं नाही, पण एक गोष्ट बंद पडली. एक खोकं संपत आलं की त्याचं शेवटचं पान पुढच्या खोक्याच्या पहिल्या पानाला चिकटपट्टीनं सांधावं लागे, यंत्र चालू असतानाच. तसं सांधताना तोंडवाले ओरडत, ‘सांधा!’ आणि तो सांधा यंत्रातून फिरून शेपटाशी निघाला की घडीवाले त्या पानाचा कोपरा दुमडत आणि ओरडत, ‘आला!’ इतकी वर्षं चाललेली ही हाळी. लेक लहान असताना घरी जेवायला बसली की आईनं वाढलेल्या घासाला ‘सांधा!’ म्हणायची आणि गिळला की ‘आला!’ खोक्यांची भिंत उभी राहिली आणि हाळी थांबली. तोंडवाले मुकाट्यानं सांधत, घडीवाले मुकाट्यानं कोपरे दुमडत.

छापखान्याचे नियम दोनच होते. पहिला, चालता कागद कापायचा नाही. कापला तर नोकरी गेली. दुसरा, कागद संपला की सुट्टी. दिवसाची खोकी सकाळी मोजून मिळत, ती संपली की यंत्र आपोआप घंटी वाजवून थांबे आणि माणसं घरी जात. थांबवायचं लाल बटण होतं, पण त्याच्यावर काचेची पेटी होती आणि पेटीवर पाटी : ‘वरच्यांच्या लेखी परवानगीशिवाय दाबू नये.’ परवानगी कधी कोणी मागितली नव्हती, कारण कागद आपला रोज संपतच होता.

तर त्या दिवशी सकाळी लेकीनं चहाचा कप बापासमोर ठेवला आणि सांगितलं, ‘बाबा, आमची बस साडेपाचची आहे.’

ती आणि जावई दुसऱ्या गावी राहायला निघाले होते. जावयाला तिकडे नोकरी लागली होती, पण खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. दोन बापांच्या भांडणात पोरं पार पिचून गेली होती. हे आले की ते उठून जायचे. ते येणार म्हटलं की हे यायचे नाहीत. लेक आजारी पडली तेव्हा दोघं दवाखान्यात पाळीपाळीनं येत आणि दुसरा गेला का ते आधी खिडकीतून बघून घेत.

‘येतो की,’ घडीवाले म्हणाले. ‘सुट्टी तीनलाच होते.’

‘दोघं बरोबर या. तुम्ही आणि सासरे.’

‘ते त्यांचे येतील.’

‘बाबा, एकटे येणार असाल तर येऊच नका. मी खिडकी बंद करून बसेन. त्यांच्या मुलानंही त्यांना हेच सांगितलंय.’

लेक म्हणाली म्हणजे करणार. हट्टात ती बापावर गेली होती. घडीवाल्यांनी चहा तसाच ठेवला. एकुलती एक पोर, तिचा चेहरा न बघता तिला जाऊ द्यायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. पण म्हणून काय त्या गाईवाल्याला ‘चला’ म्हणायचं? त्या रागातच ते कामावर आले आणि त्याच रागात त्यांनी आपला गाडा लाथेनं ढकलला.

हा गाडा म्हणजे चाकांवरचा लाकडी पट्ट्यांचा हौद. शेपटातून पडणारा कागद त्यात वरून घड्याघड्यांनी साचायचा. तळाशी हात जाईल एवढी फट होती. सगळ्यात आधीची पानं कोरीच सोडायची रीत होती, म्हणजे कागदाचं पहिलं, कोरं टोक तळाशी असायचं. लाथेसरशी गाडा खोक्यांच्या भिंतीवर जाऊन आदळला, खालचं एक खोकं सरकलं, आणि पुढे छपाई सुरू झाल्यावर ते कोरं टोक फटीतून बाहेर पडून पलीकडे डोकावलं. घडीवाल्यांनी तिकडे बघितलं नाही. त्या बाजूला ते कधीच बघत नसत.

पलीकडे तोंडवाल्यांचंही चित्त ठिकाणावर नव्हतं. मुलानं त्यांनाही सकाळीच ऐकवलं होतं. दुपारी शेवटचं खोकं संपत आलं. ते शेवटचं आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. सवयीनं हात खाली गेला, हाताला एक कोरं टोक लागलं, आणि इतक्या वर्षांची बोटं होती ती, त्यांनी डोक्याला न विचारता चिकटपट्टी मारून टाकली. ओरडले असते ‘सांधा!’ तर पलीकडून कोणीतरी नक्की विचारलं असतं, ‘कसला सांधा? खोकी तर संपली!’ पण ओरडायचं बंद होतं.

घडीवाले घंटीची वाट बघत बसले होते. घंटी वाजेना. कागद पळतच होता. गाड्यात वरून पडत होता, पण गाडा भरत नव्हता. कितीतरी वेळ कागद गाड्याच्या तिसऱ्या पट्टीलाच होता. घडीवाल्यांना वाटलं, डोळ्यांचा दोष. मग त्यांनी पान बघितलं.

त्या दिवशी सरकारी खात्याची पत्रं छापायची होती. गावात ज्या-ज्या कोणी कसला-कसला अर्ज केला होता त्या सगळ्यांना एकच उत्तर : ‘आपला अर्ज विचाराधीन आहे. वाट पाहावी.’ वर फक्त नाव बदलायचं. समोरच्या पानावर एका नावावर दुसरं नाव चढलं होतं. पुढच्या खेपेला तिसरं चढलं. थोड्या वेळानं नावांचा नुसता चिवडा झाला. ‘वाट पाहावी’ मात्र एकाच जागी पुन्हा पुन्हा पडून चांगलं ठसठशीत झालं होतं.

घडीवाले वाकले, गाड्याखालून बघितलं, आणि त्यांना सगळं उमगलं. यंत्र स्वतःचंच शेपूट खात होतं.

त्यांना आधी आनंद झाला. लपवायचं कशाला, अगदी उकळ्या फुटल्या. घास भरवणाऱ्यानं घास कुठून उचलला बघा! फावडं माझ्या हातात, आणि खाल्लं कोणी? ही गोष्ट कोणाकोणाला सांगायची याची मनातल्या मनात यादीही झाली. ती सांगताना लेकीचा चेहरा कसा होईल असं मनात आलं, आणि लेकीबरोबर बस आठवली. कागद संपला की सुट्टी. आणि हा कागद आता संपायचं काही कारणच उरलं नव्हतं.

तरी व्याह्याशी बोलायला जीभ उचलेना, म्हणून ते साहेबांकडे गेले. छापखान्याच्या साहेबांना मीटरसाहेब म्हणत, कारण छापलेल्या कागदाची लांबी दाखवणारा मीटर सोडून ते कशाकडेच बघत नसत. आज ते मीटरसमोर खुर्ची ओढून बसले होते आणि त्यांचे डोळे पाणावले होते.

‘बघताय ना?’ ते म्हणाले. ‘आजवर इतकी छपाई कधी झाली नव्हती.’

‘साहेब, तोच कागद फिरतोय. चुकून सांधा लागलाय.’

‘तोच?’ साहेबांनी क्षणभर विचार केला. ‘म्हणजे नवा कागद लागतच नाहीये?’

‘नाही.’

‘आणि छपाई चालूच आहे?’

‘आहे, पण साहेब, पान वाचता येत नाही.’

‘वाचायचं काम आपल्याकडे नाही,’ साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

‘साहेब, मला सुट्टी हवी होती. लेक गावाला चाललीय. यंत्र थांबवायला सांगा ना.’

‘अर्ज करा. लगेच वर पाठवतो. तुमच्यासाठी एवढं करणारच.’

घडीवाल्यांनी अर्ज केला. तासाभरात वरचे साहेब स्वतःच आले, बरोबर तीन मदतनीस आणि एक फुलांचा गुच्छ. ते यंत्राभोवती गोल फिरले.

‘कागद येतो कुठून?’

‘गाड्याच्या खालून,’ मीटरसाहेब म्हणाले.

‘जातो कुठे?’

‘गाड्याच्या वरून.’

‘मग संपणार कधी?’

‘संपण्याची शक्यताच ठेवलेली नाही, साहेब.’

वरच्या साहेबांनी कौतुकानं मान हलवली. ‘कागद वाचवा, कागद वाचवा म्हणून आम्ही ओरडतोय. आणि इथं बिनकागदी छपाई सुरूसुद्धा झाली! कोणाची कल्पना?’

मीटरसाहेबांनी विनयानं खाली बघितलं. गुच्छ त्यांना मिळाला. दोन्ही कामगारांना मात्र शाबासकी म्हणून एक मोठी जबाबदारी मिळाली. हा कागद संपेपर्यंत त्यांना कोणी हलवायचं नाही, जेवण-पाणी जागेवर, आणि लागलं तर अंथरूणही. टाळ्या वाजल्या. मदतनीसांनी जरा जास्तच वाजवल्या.

घडीवाले गाड्याशी येऊन बसले. घड्याळाचा काटा पाचाकडे सरकत होता. एवढ्यात शेपटातून एक पान पडलं आणि त्यावरची शाई अजून ओली होती. काळ्या गिचमिडीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. खाली उत्तर : ‘आपला अर्ज विचाराधीन आहे. वाट पाहावी.’

ते पान घडी होऊन गाड्यात गेलं. घडीवाल्यांनी डोळे पुसले, आणि मग उठून भिंतीतलं एक खोकं काढलं. पलीकडे तोंडवाले गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. तोंड एवढंसं झालं होतं.

‘व्याही,’ घडीवाले म्हणाले.

‘बोला.’

‘तुम्ही सांधा कुठे मारलात ते मी विचारणार नाही.’

‘विचारलंतच की.’

‘बस साडेपाचची आहे.’

‘माहीत आहे. मुलगा माझाच आहे.’

‘मग गप्प का बसलात?’

‘काय बोलू? गाईची गोष्ट मीच सांगितली होती.’ तोंडवाल्यांनी मान वर केली नाही. ‘तुम्ही हसाल म्हटलं.’

‘हसलो. मघाशीच हसून झालंय माझं.’

‘कापता येणार नाही,’ तोंडवाले म्हणाले. ‘नोकरी जाईल.’

‘कापायचा कशाला? सांधा सोलायचा. सांधा सुटला की शेवटचं पान आत जाईल, बाहेर पडेल, आणि कागद संपला. नियमानं संपला.’

‘इतक्या वेगात सोलायचा कसा? आणि सगळं काळं झालंय, सांधा दिसणार कसा?’

‘दिसत नसला तरी हाताला लागतो. माझ्या हाताखालून शंभर वेळा गेलाय आज. मी त्याच्यावर रुमाल टाकतो. रुमाल खाली-खाली जात फटीशी आला की मी पाठ लावून कागद दाबून धरतो. क्षणभर सैल पडेल. तेवढ्यात सोलायचा.’

‘माझा सांधा आजवर सुटलेला नाही,’ तोंडवाले म्हणाले. एवढ्या गडबडीतही त्यांना ते म्हणावंसं वाटलंच.

‘म्हणूनच तुम्ही सोला.’

घडीवाले गाड्याशी गेले, पडत्या कागदाला बोटं लावून उभे राहिले. आणि मग एकदम ओरडले, ‘आला!’ रुमाल पडला. दोन साहेब दचकले. पट्ट्यांच्या फटींतून रुमालाचा पांढरा कोपरा थरथर करत खाली सरकू लागला. तो तळाशी पोचला तसे घडीवाले पलीकडे जाऊन मटकन खाली बसले, गाड्याला पाठ टेकवली आणि दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या. कागद त्यांच्या पाठीशी फडफडला, अडखळला, सैल पडला. तोंडवाल्यांची नखं सांध्यात शिरली.

‘सुटला!’

शेवटचं पान सुळकन तोंडात गेलं. यंत्रानं ते चावलं, छापलं आणि शेपटातून गाड्यात टाकलं. मग घंटी वाजली. तो मोठा आवाज असा काही थांबला की कानात नुसती शांतता घुमायला लागली.

‘जोडा! अहो, जोडा!’ मीटरसाहेब गुच्छासकट धावत आले.

‘कागद संपला, साहेब,’ दोघं एका सुरात म्हणाले.

व्याही मागून येतीलच असं धरून घडीवाले दाराबाहेर पडलेसुद्धा. दोघांनाही दिसलं नव्हतं की सोललेल्या टोकाची चिकटपट्टी घडीवाल्यांच्या सदऱ्याला, बरोबर पाठीच्या मधोमध, घट्ट बसली होती. माणूस निघाला आणि मागून कागद निघाला. तोंडवाल्यांनी बघितलं तेव्हा व्याही फाटकापाशी होते आणि गाड्याच्या तळातून कागद भराभरा ओढला जात होता. आता काय करायचं? कापायचा? उभ्या आयुष्यात चालता कागद कधी कापला नव्हता. तोंडवाल्यांनी गाड्याचा दांडा धरला आणि गाडाच दामटत निघाले.

‘हे कुठे चालले?’ वरच्या साहेबांनी विचारलं.

मीटरसाहेबांना घाम फुटला. ‘वाटपाला, साहेब.’

‘वा! छापायचं आणि तसंच वाटायचं. वा!’

रस्त्यावर गर्दीची वेळ होती. घडीवाले धावत होते, आणि मागून ‘थांबा हो! थांबा!’ ऐकू आलं तसे जास्तच धावले. त्यांना वाटलं, व्याह्याचा विचार बदलला, आता परत कामावर ओढून नेणार. चौकात त्यांनी मागे वळून बघितलं तर अख्खा रस्ताभर काळा कागद लांबच्या लांब पसरलेला आणि त्या टोकाला तोंडवाले. दोन पावलं गाडा ढकलायचा, मग वाकून रस्त्यावरचा कागद गोळा करून घड्या घालून गाड्यात टाकायचा, पुन्हा ढकलायचा. आयुष्यात घडी घातली नव्हती माणसानं. एक घडी इकडे, एक तिकडे, तिसरी दातांत.

‘कापा तो!’ घडीवाले ओरडले.

‘चालता कागद कापू?’ तोंडवाले तिथूनच ओरडले, इतक्या धक्क्यानं की घडीवाल्यांनाच लाज वाटली.

चौकातल्या पोलिसानं कागदावर खात्याचा शिक्का बघितला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली. एका सायकलवाल्यानं उतरून सायकल डोक्यावर घेतली आणि कागद ओलांडला. लोक दुकानांतून बाहेर आले. सगळ्यांनीच कधी ना कधी कसला तरी अर्ज केलेला होता. ‘माझं नाव बघा हो त्यात!’ न्हाव्याच्या दुकानातून एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून धावत आलं. एका म्हाताऱ्या बाईंनी चष्मा पुसून त्या काळ्याकुट्ट पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘आलं! माझं आलं एकदाचं!’ आणि समाधानानं घरात गेल्या.

बसस्थानकावर बसचं इंजिन सुरू झालं होतं. लेक खिडकीत होती, पलीकडे जावई. तिनं बापाला येताना बघितलं. त्याच्या शेजारी बघितलं. शेजारी कोणी नव्हतं. घडीवाले खिडकीशी पोचेपर्यंत तिनं काच ओढायला हात घातला होता.

‘एकटेच आलात,’ ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. ‘सांगितलं होतं मी.’

घडीवाल्यांना दम लागला होता. त्यांनी नुसती लेकीकडे पाठ केली.

पाठीवरचा कागद तिला दिसला. तो खाली गेला होता, तिथून फलाटावरून, तिकीट खिडकीसमोरून, बाकाखालून, फाटकातून बाहेर आणि कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला होता. तिची नजर त्याच्यावरून सरकत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. कोपऱ्यावरून आधी एक लाकडी गाडा आला. मग गाड्यामागून तिचे सासरे, केस विस्कटलेले, तोंडाला शाई लागलेली, दोन्ही बगलांत कागदाच्या वेड्यावाकड्या घड्या.

‘बाबा!’ जावई उभाच राहिला.

तोंडवाले जवळ आले आणि त्यांनी गाडा टेकवला. मुलाकडे बघितलं नाही, सुनेकडे बघितलं नाही. सरळ घडीवाल्यांसमोर आले. घामानं थबथबले होते. हातातली एक घडी त्यांनी नीट करायचा प्रयत्न केला, ती आणखीच बिघडली.

‘अवघड असतं रे हे,’ ते म्हणाले. ‘गोळा करणं.’

लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा ते ‘रे’ म्हणाले होते. ‘आण इकडे,’ घडीवाले म्हणाले. ‘अशी नाही. अंगठा आत घे.’

कंडक्टरनं घंटी वाजवली. लेकीनं खिडकीतून वाकून बापाच्या पाठीवरची चिकटपट्टी अलगद सोलली. सोलून ती खिडकीच्या दांड्याला चिकटवली, वरून अंगठा फिरवून घट्ट केली, आणि लहानपणी ओरडायची तशी ओरडली, ‘सांधा!’

‘आला!’ दोघं म्हणाले.

बस हलली. कागद ताणला गेला. ‘सैल सोड,’ तोंडवाले म्हणाले, ‘ओढू नको, नुसता हात खाली ठेव. त्याला वाटलं पाहिजे आपण आहोत.’ घडीवाल्यांनी हात खाली धरला. आधी वरच्या वेड्यावाकड्या घड्या गेल्या, मग तळातून कागद निघू लागला. बस फाटकातून वळली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि दोघं गाड्याच्या दोन बाजूंना उभे राहून कागद सोडत राहिले, कुठे अडकू नये, कुठे फाटू नये म्हणून. खिडकीतला हात बराच वेळ दिसत होता. मग हात दिसेना, फक्त कागद जाताना दिसत होता. मधेच घडीवाल्यांचं स्वतःच्या नावाचं पान हातावरून गेलं. त्यांनी ते जाऊ दिलं.

गाड्याचा तळ दिसायला लागला. शेवटचं पान दोघांच्या बोटांमधून सरकलं, फलाटावरून फरफटत फाटकाकडे गेलं आणि वळणावर नाहीसं झालं.

‘कागद संपला,’ तोंडवाले म्हणाले.

‘सुट्टी,’ घडीवाले म्हणाले.

पण घरी जायला दोघांपैकी कोणी हललं नाही.